पंख्याच्या पाठीवर

पाळक म्हणाले, मिस लिओटा,
एकशे पंचाहत्तर वर्षं होतायत मंडळीला,
इतिहास तुम्हीच लिहा. फक्त
पुठ्ठ्याच्या हातपंख्यामागे मावेल एवढा.
पुढच्या बाजूला पर्किन्स बंधूंची जाहिरात,
शवपेट्या, फुलं, गाडी.
छपाईचा खर्च तेच देतायत.

एक्केचाळीस वर्षं मी इथली चिटणीस.
इतिवृत्ताच्या सात वह्या माझ्या शिवणयंत्राखाली,
कसर लागू नये म्हणून तंबाखूची पानं घातलेल्या.
डन्स फेरी गावात एवढं जुनं दुसरं काही नाही,
नदी सोडली तर.
आणि नदीनेही मधे एकदा पात्र बदललं.

काय काय लिहून ठेवलंय माणसांनी.
"ब्रदर हॉलिस टॅकेट यांना फिडल वाजवल्याबद्दल वगळले."
मार्चमध्ये, "पश्चात्ताप पाहून परत घेतले."
ऑगस्टमध्ये पुन्हा वगळले.
असं नऊ वेळा. दहाव्या खेपेला
नुसतं, "टॅकेट. नेहमीप्रमाणे."

मग शेगडी.
उत्तरेच्या भिंतीला ठेवायची की मधोमध,
यावर तीन सभा, एक फुटका कंदील (बावीस सेंट),
आणि अठरा जणांनी उठून
टेकडीपलीकडे वेगळी चूल मांडली.
खरोखरची चूल, आमच्यापेक्षा मोठी.
अजून हिवाळ्यात त्यांची प्रार्थना
आमच्याहून लांब चालते.

अडतीस साली नदीत उतरणं सुटलं.
व्यासपीठामागे टाकी बांधली,
भिंतीवर यार्देन रंगवायला
एक फिरता रंगारी आणला, जेवण आणि सहा डॉलर.
त्याने कुठे पाहिली असणार यार्देन?
आमचीच नदी काढली, तराफ्याच्या तुटक्या दोरासकट,
कोपऱ्यात एका पायावर बगळा.
बाप्तिस्म्याला मी नऊ वर्षांची.
पाण्यातून वर येताना
देव दिसेल म्हणून डोळे टक्क उघडे ठेवले होते.
बगळा दिसला.

हे सगळं मावलं असतं पंख्यावर.

पण पहिली वही, पहिलं पान.
अठराशे सेहेचाळीस, अकरा जण, ओकच्या झाडाखाली.
सात नावं आडनावांसकट, वळणदार.
मग चार. शाई तीच, हात तोच.
कॅन्डेस, डनची.
सायमन, डनचा.
जूनो, डनची.
मोठा पीटर, हार्लनचा.
एवढासा प्रत्यय,
आख्खा माणूस मावतो त्यात.

सदुसष्ट सालची ओळ:
"काळ्या सभासदांनी दाखले मागितले. दिले."
बस. त्या रविवारी दाराशी कोण उभं होतं,
कुणी हात पुढे केला, कुणी खिशात घातला,
एक शब्द नाही.
कंदिलाचे बावीस सेंट लिहून ठेवणाऱ्या वह्या या.

रुळांपलीकडे त्यांची मंडळी आहे.
आयुष्यभर त्यांची घंटा ऐकत आले,
आमच्याहून अर्धा मिनिट मागे.
(की आम्हीच पुढे. कुणी तपासलंय.)
मंगळवारी फोन लावला. त्यांची चिटणीस
ओझेला वॉटर्स, पोस्टातून निवृत्त,
बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, वही बाहेर जात नाही. तुम्ही या.

गेले. तिने आधी हात धुवायला लावले.
शिकाऊ हाताची अक्षरं, ओळी उताराला लागलेल्या:
कॅन्डेस वॉटर्स. सायमन ग्रीअर. जूनो पेटवे.
आणि खाली,
पीटर. आडनाव अजून ठरवतो आहे.

पुढे ठरलं का? मी विचारलं.
तिने वहीच्या कडेवरून बोट फिरवलं.
बावीस वर्षं, दर जानेवारीला तीच नोंद.
मग "पीटर वारला."

पंख्यामागे अकरा नावं दिली छापायला.
पाळक म्हणाले, आणि इतिहास?
मी म्हटलं, जूनमध्ये उकडतं फार, वारा घ्या.

काल पर्किन्स बंधूंचा फोन.
शेवटच्या नावापुढे जागा रिकामी दिसतेय बाई,
आमचा नंबर टाकू का तिथे?

नको, म्हटलं.
ती जागा पीटरची.