दहा वाव आणि एक तिसरी

पहिला गोळा आम्ही ओतला जाळ्याच्या शिशाचा,
लहानशा नारळाचा ठसा चिकणमातीत घेऊन.
दोन दिवसांनी फोडला तर आत
तीन डोळ्यांसकट नारळच निघाला, राखाडी.
मासळीच्या काट्यावर ठेवला: सहा किलो, वर शंभर ग्रॅम.
चेंदवणकर सर म्हणाले, जास्तीचं घासून काढा.
कृपेश म्हणाला, "ऱ्हवांदे. शंभर ग्रॅम निवतीचे."

बांगडे सुकवायच्या ओट्यावर चुन्याचा सात फुटी गोल.
पुढे पाय अडवायला फुटक्या होडीची फळी.
तिचा बाक कुण्या मिस्त्रीने चाळीस वर्षांपूर्वीच काढून ठेवलेला,
कशासाठी ते त्याला ठाऊक नसताना.
ओट्याखाली पुळण.

तो फेकायचा, मी आणायचो.
चार वर्षं माझं काम एवढंच.
घागरीच्या बुडाएवढा खळगा पडायचा,
मी पोचेपर्यंत त्यात पाणी झिरपलेलं.
टेप गंजून तुटला तेव्हापासून मोजायला जाळ्याची दोरी,
दर वावाला एक गाठ.
"खंय पडलो रे?"
"नवाच्या अलीकडे."
"आता?"
"पलीकडे. दोन बोटां."
आणि मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी, दिसेनासं होता होता,
दहावी गाठ.
दहा वाव पाण्यात त्याचा बाप नांगर टाकतो.
मी काही बोललो नाही,
दोरी तशीच ताणून धरली
आणि गाठ त्याला अंधारात चाचपायला दिली.

परवा रात्री जेटीच्या टोकाला, जिथे नेटवर्क सापडतं,
बर्फाच्या पेटीवर मोबाइल टेकवून आम्ही नऊजण.
तिकडे अजून ऊन होतं.
बाकीची पोरं गोडाऊनच्या दारांएवढी,
त्यांत आमचा कृपेश मेतर, छातीवर देशाचं नाव.
त्याची आई म्हणाली, "मानेक मीठ कित्याक लावल्यान?"
खडूची पूड ती, सर म्हणाले.

पहिली फेक. पाय फळीवर. लाल झेंडा.
दुसरी. लाल.

आणि तेव्हा मला ती दिसली:
मैदानाच्या कडेने लांब उतरती पन्हळ.
टोपीवाला पोरगा गोळा उचलून तिच्यात सोडतो,
तो आपला घरंगळत येतो मागे, सुपारीसारखा.
कुणी चालत येत नाही त्याला घेऊन.
कृपेश गोलाबाहेर उभा, कमरेवर हात,
गोळा कधीच परत आलेला
आणि हा बघतोय तिकडेच, जिथे पडला होता तिथे,
मला यायला लागतो
नेमका तेवढा वेळ.

तिसरी फेक बरोबर पडली.
अठरा मीटर एकसष्ट.
आठव्याचे अठरा चौसष्ट.
आठजण पुढे गेले.
सरांनी बोटांत तीन सेंटिमीटर धरून दाखवले.
"इतक्याच? एक तिसरी," त्याची आत्या म्हणाली.
ती खाडीत तिसऱ्या वेचते, तिला माप ठाऊक.
कुणीतरी म्हणालं, तिसऱ्या फेकीत एक तिसरी कमी,
हसलं, आणि मग पेटीतला बर्फ
उगाच सारखा करू लागलं.
दोरीने मोजलं असतं तर दहा वाव, वर दीड वीत.
पण दोरी इथे होती.

पहाटे फोन आला.
"पन्हळ बगलंस?"
"बगलंय."
"आपसूक येता गोळो."
"बरा मां मगे."
"बरा खंयचा. दम खावक गावणा नाय."
खोटं होतं ते. बाराजणांची पाळी तिथे,
दम खायला पाव तास मिळतो.
मी हो म्हटलं.

आज ओहोटीला पुळणीवर गेलो.
खळगा एकही नाही.
कुर्ल्यांनी बिळांभोवती वाळूच्या गोळ्या मांडलेल्या,
बारीक, हजारभर, पाय ठेवायला जागा नव्हती.

बुधवारी त्याची गाडी कुडाळला लागते.
शिशाच्या गोळ्याच्या एका डोळ्यात
वाळू घट्ट बसलीय.
माडाच्या हिराने उकरतोय.