रोटर

या गाडीला किल्ली नाही.
हरवली म्हणून नव्हे, मुळातच नाही.
एक खटका, एक बटण, दाबलं की सुरू.
पलटणीत कोण कुणाची गाडी चोरणार,
असं हे म्हणतात, अन् मग
पहाऱ्यावरच्या कुठल्याशा पोराचं नाव आठवत बसतात.

देहूरोडच्या लिलावात घेतली. निसान, एक टनी.
फंडाच्या पैशातनं. मला विचारलं ते
गाडी दारात उभी राहिल्यावर.
आरटीओनं हिरवा रंग काढायला लावला,
विट्यात निळा मारून आणला,
पण पाटीवरचा तो वर टोक केलेला बाण
ऊन कललं की निळ्याखालनं दिसतो.

चोऱ्या होतात इथं, खोटं कशाला बोलू.
अर्धी भाळवणी सेलमला नाहीतर कोइमतूरला
लोकांचं सोनं आटवत बसलीय.
मागं कुलपं, अन् कुलपांना राखण एकेक म्हातारं.
गायगवाळ्यांची बोलेरो गेली, टपावरच्या कडब्यासकट.

तेव्हापासनं यांनी सुरू केलं.
बॅटरीची वायर काढायची, ती उशाखाली.
स्टेअरिंगला बैलाचा साखळदंड.
पेट्रोलचा कॉक सीटखाली, घरच्यांनाही न गवसणारा.
अन् शेवटी टोपी उघडून रोटर:
अंगठ्याएवढा काळा तुकडा, वर पितळी जीभ.
तो काढला की इंजिन नुसतं खोकतं.
मिरजेचा इलाही मेस्त्री बघून गेला, म्हणाला,
"भाभी, बाकी सगळा देखावा. जीव ह्यात हाय."
जीव सदऱ्याच्या डाव्या खिशात असायचा.
त्या खिशात माझा फोटो कधी गेला नाही.

माघात हे विट्याला पेंड आणायला गेले.
दिवेलागण झाली, गुरं हंबरून गप्प झाली,
मग फोन आला नागजच्या फाट्यावरनं, चहावाल्याचा.
आजोबा गाडी कडेला लावून, दिवे विझवून बसलेत,
पुढची गाडी हलल्याशिवाय हलता येत नाही म्हणतात.
पुढं कुठलीच गाडी नव्हती.
पुढं माळ होता, अन् पवनचक्क्यांचे लाल दिवे.

दुसऱ्या दिवशी सदरा धुवायला घेतला,
तेव्हा मी चोरी केली.

घर पालथं घातलं त्यांनी.
मीही शोधत होते बरोबरीनं,
गव्हाणीत, चुलीच्या राखेत, ज्वारीच्या कणगीत हात घालून.
नवा मिळंल का म्हणून मेस्त्रीला फोन केला.
मेस्त्री जरा वेळ बोललाच नाही.
"आता कुठला, हवालदारसाहेब. भंगारात पण न्हाई."
त्याला मी सकाळीच फोन करून ठेवला होता.

पावसाळा गेला. रोटर गेलाय हे
यांच्या ध्यानातनं गेलं, राखण तेवढी राहिली.
रोज जेवण झालं की कानटोपी, बॅटरी, काठी.
जी गाडी हलणार नाही
तिच्या भोवती फेऱ्या. चाकांना हात लावून बघतात,
मोजतात. चार.
कधी पाच मोजतात, अन् खूश होतात.

रात्री दोनला मी चहा घेऊन जाते.
अंधारातनं आवाज येतो, तिशीतला, कडक:
"थम! कौन आता है?"
पहिल्यांदा मी म्हटलं, "मी. रतन."
उजेडाचा झोत तोंडावर आला, खाली होईना.
चहा थिजला.

आता ठाऊक झालंय काय म्हणायचं.
कनवटीला रोटर, हातात कप,
गारठ्यात उभी राहून म्हणते,
"दोस्त."

जरा वेळ लागतो त्यांना.
"आगे बढ़ो, दोस्त."

मग कप तोंडाला लावतात,
अन् साखर कमी पडली म्हणतात.