पाण्याच्या नोंदी

रावपुऱ्यातल्या मुलानं डिस्क कानाशी धरली,
बंद दाराआडचं ऐकावं तशी.
टिक. टिक. मग तेही नाही.
"गेली, मावशी," म्हणाला,
आणि पैसे घेईना. तेव्हा कळलं.

तिच्यात दादांच्या एकतीस वह्या होत्या.
कोर्टातून सुटले की काळ्या घोड्याच्या पुलावर उभे राहून
विश्वामित्रीचं पाणी लिहायचे:
फूट, इंच, वेळ.
समासात कधी, "मगर दिसली. झोपलेली."
कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

दोन उन्हाळे मी एकेक पान स्कॅन केलं
आणि वह्या दिल्या पस्तीवाल्याला,
बारा रुपये किलो.
कपाट मोकळं झालं म्हणून
चहासुद्धा पाजला त्याला.

"आता क्लाउडमध्येच ठेवत जा."
क्लाउड म्हणजे ढगच ना रे?
दादा म्हणाले असते,
ढगातलं सगळं शेवटी पुलाखालीच येतं.

तरी दोन नव्या घेतल्या.
एक माळ्यावर, एक साताऱ्याला कुमुदकडे.
दर दिवाळीत दोन्ही उघडून बघायच्या,
लाडवांना मुंग्या लागल्यात का बघतो तसं.
आत काय ठेवायचं, ते अजून सुचलेलं नाही.

काल जिन्याखाली, मीटरच्या मागे,
रंगाऱ्यानं आळसानं सोडलेल्या वीतभर भिंतीवर
खिळ्यानं ओढलेली रेघ सापडली.
"इथपर्यंत." खाली दादांची सही.
साल नाही.

टेप आणून मोजली.
तीन फूट, सव्वासात इंच.
किराण्याच्या बिलामागे लिहून ठेवलं,
वेळेसकट.