दशांशानंतर सात आकडे

माझा काटा साठ टनांचा,
दोंडाईचा मार्केटच्या मागच्या गेटाला.
दहा किलोच्या खाली तो बोलत नाही.
चार किलोची थैली ठेवली तर शून्य दाखवतो,
आणि त्यावरून कोणी भांडत नाही.

हेमांगीला मिळाले एक्क्याण्णव,
टिंब,
आणि टिंबानंतर सात आकडे.
मी दोनदा वाचले, पावती वाचतो तसे.
हे टक्के नाहीत पप्पा, पर्सेंटाइल.
म्हणजे?
म्हणजे माझ्या मागे किती उभे आहेत ते.
पुढे किती, हे विचारायचं नसतं,
असं तिच्या आईनं डोळ्यांनी सांगितलं.

मग भटूचं सेतू केंद्र.
एक पंखा, एक बाक, आणि आम्ही सगळे बाप
प्लास्टिकची फाइल
एक्स-रे धरावा तशी धरून.
भटूनं मान वर न करता विचारलं, आधार?
म्हटलं, मीच.
सगळा बाक हसला.
माझ्याआधीची तीन गेली, म्हणून
आईनं ठेवलेलं नाव ते.
सरकारनं नंतर सगळ्यांना वाटलं.

बायकोची तीन नावं निघाली.
दाखल्यावर कोकिळाबाई, मार्कशीटवर कोकीळा,
बँकेत कोकिला.
तिघी एकच आहेत, असं लिहून द्यावं लागलं.
ती म्हणाली, तिघींनी मिळून
एक दिवस तरी भांडी घासायची होती.

डोमिसाइल, नॉन क्रिमीलेअर, व्हॅलिडिटी:
कळण्याच्या भाकरीबरोबर
आम्ही हे शब्द चावायला शिकलो.
गल्लीतून जाणारा सायकल न थांबवता विचारायचा,
नंबर लागना का?
अजून नही, म्हणायचं,
आणि तो वळेपर्यंत हसत राहायचं.

शेवटच्या दिवशी पाचला फॉर्म बंद.
पावणेपाचला काट्यावर मक्याची गाडी,
ड्रायव्हरचा हॉर्न,
आणि माझ्या फोनवर सहा आकडे.
मागोमाग ती: पप्पा, ओटीपी सांगा पटकन.
पहिलं कॉलेज कोणतं टाकलंस?
धुळ्याचं.
आणि पुण्याचं?
आहे ना. अकरावं.
का?
तिकडून नुसता भटूचा पंखा ऐकू आला.
मग, रोज जाऊन-येऊन होईल, म्हणाली. मम्मीलाही बरं.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.
धुळं म्हणजे संध्याकाळी ताटावर ती.
पण तीस वर्षं काट्यावर काढली आहेत.
भरल्या गाडीत ड्रायव्हर बसून राहिला
की वजन कुठून वाढलं, ते कळतं.
या गाडीत मी बसलो होतो.

म्हटलं, अकरावं पहिलं कर, मग सांगतो.
पप्पा, दहा मिनिटं उरलीत!
म्हणून तर.
ड्रायव्हर उतरून गुजरातीत शिव्या देऊ लागला.
मी एकेक आकडा सांगितला, सावकाश,
आणि डोळे पुसले.
मिरचीचा सीझन संपून चार महिने झाले होते,
तरी मी गेटाला दोष दिला.

पहिली यादी परवा लागेल.
पुणं लागेल की नाही, भटूलाही माहीत नाही,
आणि फी विचारायला अजून कोणी धजावलं नाही.

काल रात्री मार्केट बंद झाल्यावर ती डबा घेऊन आली,
आणि काट्यावर जाऊन मधोमध उभी राहिली.
लहान असताना अशीच राहायची.
तेव्हा दोन वर्षं नुसते दहाच यायचे,
मी वाढतच नाही का, म्हणून रुसायची.
काल पन्नास आले.
म्हणाली, मी सत्तेचाळीस आहे.
तीन किलो जास्त दाखवतो तुमचा काटा.
म्हटलं, हातात डबा आहे ना.

डबा तर केव्हाच
माझ्या हातात होता.