वरचा सव्वा

ओहायो नदीचा पूल उतरलं की डावीकडे
पेट्रोलपंपाचं दुकान. रात्रपाळीला मी.
सिगारेटी, लॉटरी, बरणीतली उकडलेली अंडी
आणि काचेमागे मनीऑर्डरचं यंत्र.
एक कागद छापायचा सव्वा डॉलर. तो मालकाचा.

व्हर्ना टॅकेट यायची महिन्याच्या तीन-चार तारखेला,
कोंबड्यांच्या कारखान्यातून थेट, रबरी बूट तसेच,
गारठून वाकड्या झालेल्या बोटांनी मोजून ठेवायची
नऊ डॉलर, आणि वर सव्वा.
बँकेत खातं नाही. सरकारला रोख चालत नाही.

नऊच का, असं मी एकदा विचारलं.
जबाबदारीची सवय लागावी म्हणून, ती म्हणाली,
पत्रात तसं लिहिलंय.
आणि हसली,
चौदा वर्षं स्वतःच्या पोटात स्वतः सुई टोचणारी बाई.

फेब्रुवारीत तिच्या गाडीचा पट्टा तुटला.
मार्चचं पत्र गेलं जुन्या पत्त्यावर,
तिथे आता बहिणीचा सोडलेला नवरा राहतो,
तो कुणाचीच पाकिटं फोडत नाही, स्वतःचीसुद्धा.
बाकी तिला औषधाच्या दुकानातच कळलं,
रांगेत, मागे चार माणसं उभी असताना.

मी रात्री हिशेब करत बसतो, दुसरं काम काय.
पाकीट, तिकीट, छपाई, फोनवरचा तो गोड आवाज,
नावं खोडणारा कारकून, त्याच्या खुर्चीचं भाडं,
सगळं नऊ डॉलरमधून?
दात कोरून पोट भरत नाही, हे त्यांनाही ठाऊक असेल.
मग कोरतात कशाला?

हजार डॉलर लागले असते
तर रविवारी चर्चमध्ये थाळी फिरली असती.
इथे काउंटरवर तिचा फोटो चिकटवलेली बरणी असती,
डिलन क्रॅबट्रीच्या मूत्रपिंडासाठी आहे तशी.
मीही टाकले असते पाच.
पण नऊ डॉलर कुणाकडे मागायचे?
हजार मागणारा अडचणीत असतो.
नऊ मागणारा उघडा पडतो.

एप्रिलमध्ये आली, तिन्ही महिन्यांचे एकदम घेऊन.
सत्तावीस, आणि वर सव्वा.
मी नीट छापून दिलं, नाव दोनदा तपासलं.

मे महिन्यात तोच कागद घेऊन परत आली.
न वटवलेला. सोबत चार ओळी:
आता सहा महिने अर्ज करता येणार नाही.
मी सत्तावीस डॉलर काचेखालून सरकवले.
तिने मोजले.
"आणि वरचा सव्वा?"
"तो परत येत नाही, व्हर्ना."

तिने मान हलवली, जणू बसचं भाडं ऐकलं.
मग म्हणाली, बर्फ फुकट असतो ना तुमच्याकडे?
घरचा फ्रिज बंद पडलाय, आणि शेवटची बाटली
आता अर्धी-अर्धी टोचून पुरवतेय.

म्हटलं, घे ना, मोठा कप घे.
तिने मोठाच घेतला.
पण भरला अर्धाच.