दुधाचा दात

ऑगस्टात मिलानमध्ये माणूस उरत नाही.
शटरं खाली, सगळे समुद्रावर.
आम्ही तेवढे तळघरातल्या स्टुडिओत
हिवाळा उभा करत होतो.

लोकरीचा कोट, ओल्या वाळूच्या रंगाचा, माप चव्वेचाळीस.
मुलगी त्यात बुडून गेलेली.
पाठीकडून मी चिमटे लावत गेले,
मानेशी दोन, खांद्यांना चार, कमरेला पाच.
समोरून बघाल तर
कोट तिच्याच अंगावर बेतलेला.
पाठ कोण बघतंय!

नाव इल्विया. गाव लाटव्हियात,
रेझेक्नेच्या पुढे, बस जिथं वळून परत फिरते तिथं.
कागदावर वय सोळा.
एजन्सीची बाई सोळा म्हणताना
दर वेळी खिडकीकडे बघायची,
आणि त्या खोलीला खिडकी नव्हती.

कोट कुणासाठी, ते आधीच ठरलं होतं :
पंचेचाळिशीच्या, आयुष्य पाहिलेल्या,
स्वतःच्या पैशानं स्वतःला काही घेणाऱ्या बाईसाठी.
म्हणजे माझ्यासाठीच की, मी म्हटलं.
सगळे हसले. मीही.
माझ्या चार पगारांचा कोट तो.

दुपारी ती सफरचंद खाता खाता थांबली.
तळहातावर काहीतरी काढलं.
मला वाटलं, बी.
दात होता.
मूळ झिजलेला, भिजल्या तांदळासारखा,
दुधाचा.

घाबरली नाही. लाजली.
शेवटचाच होता, म्हणाली मोडक्या इंग्रजीत,
बाकीचे केव्हाच पडले.

कुणी म्हणालं, डेंटिस्ट.
कुणी म्हणालं, कॉम्प्युटरवर भरू.
कंपनीच्या माणसाचं विमान सहाला.
फोटोग्राफरनं घाम पुसला.
तोंड मिट, तो म्हणाला,
मिट, आणि असं बघ
की तुला काही ठाऊक आहे
आणि तू ते सांगणार नाहीस.

सांगितलं तिनं. मला. मी कॉलर बसवत होते तेव्हा.
आमच्याकडे दात चुलीमागे टाकतात,
उंदराला म्हणतात, हाडाचा घे, लोखंडाचा दे.
इथं चूल आहे का कुठं?

माझ्या ओठांत टाचण्या होत्या.
मी नुसती मान हलवली.
आमच्याकडेही उंदीरच नेतो गं, उशीखालून,
नाणं ठेवून जातो,
तोच असेल, हिंडत असेल बिचारा देशोदेशी,
एवढं तरी म्हणायचं होतं.
आणखीही बरंच.
टाचण्या संपल्या तेव्हा दिवे लागले होते.
पांढऱ्या कागदाच्या पडद्यामागे
तिनं मुठीतलं काहीतरी भिरकावलं,
आणि येऊन खुणेवर उभी राहिली.

ऑक्टोबरात ती ट्रामवर आली.
मग पोर्ता व्हेनेझियाच्या जिन्यात, दोन मजली उंच.
एका मासिकानं लिहिलं,
मिटल्या ओठांत पिकलेलं शहाणपण.

वरच्या मजल्यावरची फुल्विया
भाजीची पिशवी घेऊन थबकली तिच्यापुढे.
बाई असावी तर अशी, म्हणाली,
काय काय सोसलं असेल, नाही?
आणि काचेत बघत
गळ्याची कातडी दोन बोटांनी मागे ओढली,
नेमकी तिथंच
जिथं मी पहिला चिमटा लावते.

मी काही बोलले नाही.
या वेळी तोंडात टाचण्याही नव्हत्या.

त्या संध्याकाळी पडद्याचा कागद गुंडाळताना
मला सापडला होता तो.
अजून आहे, टाचण्यांच्या डबीत.
सकाळी झाकण उघडलं की खुळखुळतो.
चूल नाही,
पण लोखंड भरपूर आहे तिथं.