औटकी

सकाळी सव्वासात. थंडगार टेबलावर
त्रिंबक कारखानीस, वय एकाहत्तर,
मांडवीतल्या लोखंडाच्या पेढीचे निवृत्त मुनीम.
कवळी डबीत, डबी कुंदाकाकूंच्या पर्समध्ये.
मी म्हटलं, काका, काहीतरी बोलत राहा.
देवाचं नाव घेतील असं वाटलं होतं.
त्यांनी औटकी धरली.

एक औट औट.
बे औट सात.
तीन औट साडेदहा –
दात नसल्यानं प्रत्येक स मऊ पडत होता –
चार औट चौदा,
पाच औट

आणि पापणी मिटली.

साडेसतरा. मला नंतर फोनवर करून बघावं लागलं.
मला पाढे येतात बारापर्यंत,
आणि इथले आकडे.

कपाळावर दोन पट्ट्या चिकटवल्या,
डावी आणि उजवी, भुवयांच्या वर.
मधे रोजच्या गंधाची फिकट उभी खूण,
स्पिरिटनं पुसली तरी न गेलेली.
पट्टीतून एक उजेड आत शिरतो,
आपल्या डोळ्याला न दिसणारा.
कातडी, हाड ओलांडून
रक्ताला त्याचा रंग विचारतो
आणि परत येऊन सांगतो:
डावीकडे अडुसष्ट, उजवीकडे सत्तर.
बास, एवढंच.
आत कुणाच्या नावावर किती उधारी आहे
हे त्याला कळत नाही.

मग पारीखसाहेबांनी हृदय थांबवलं.
पडद्यावर सरळ रेघ. रक्त हार्दिकच्या मशीनमधून फिरायला लागलं.
ह्या सरळ रेघेची मला सवय झाली आहे
आणि त्या सवयीची थोडी भीती वाटते.

तासाभरानं डावा आकडा उतरायला लागला.
अठ्ठावन्न. चोपन्न.
उजवा जागच्या जागी.
"हार्दिक, प्रेशर?"
"साठ, बेन."
"वाढव."
हिमोग्लोबिन साडेआठ, चालण्यासारखं.
कार्बन डायऑक्साइड ठीक.
एक्कावन्न. एकोणपन्नास.
"शुं थयुं?" मान वर न करता पारीखसाहेब.
"डावी बाजू," मी म्हटलं. पुढे सांगण्यासारखं काही नव्हतं.

टॉर्च घेऊन हिरव्या कापडाखाली वाकले.
मान उजवीकडे कलली होती, दोन बोटं असेल नसेल,
रात्रीच्या एसटीत शेजाऱ्याच्या खांद्यावर
अनोळखी माणसाची कलते तशी.
दोन्ही तळव्यांत धरून सरळ केली.
डोकं फार जड असतं.
इतकी वर्षं झाली, दर वेळी नवल वाटतं.

एकोणपन्नास.
एकोणपन्नास.
बावन्न.
अठ्ठावन्न. बासष्ट.
तिथेच थांबला. अडुसष्ट पुन्हा दिसला नाही.

कागदावर लिहिलं: डावी बाजू, चार मिनिटं.
चार मिनिटांत काय जातं?
बहुतेक काहीच नाही.
किंवा एखाद्या गिऱ्हाइकाचं नाव,
छत्तीस सालच्या वहीचा रंग, वडिलांच्या वेळची,
रावपुऱ्यातल्या एखाद्या बोळाचं वळण.
गेलं तरी कुणाला कळणार?
ज्याचं गेलं त्यालाही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळी काढली.
नाव विचारलं, सांगितलं.
गाव? "बडोदे." जुन्या माणसांसारखं, शेवटचा ए लांबवत.
फॉर्म संपला. पेन बंद केलं.
मग विचारलं, काका, सहा औट?
उत्तर मी तळहातावर लिहून नेलं होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
शेजारच्या खाटेचा पंप वाजायला लागला,
नर्सनं तो बंद केला, सलाइन बदललं,
तरी ते पाहतच होते.
ओठ हलले.
"एकवीस."
मराठीत म्हणाले की पेढीच्या गुजरातीत, सांगता येत नाही,
शब्द दोन्हीकडे तोच. स मात्र मऊ.

मला मोह आवरला नाही. सात औट?

कपाळावर पट्ट्यांचे दोन लाल चौकोन,
त्यांच्यामधे एक आठी उमटली.
"आधी माझी कवळी आणा," ते म्हणाले.

ती कुंदाकाकूंच्या पर्समध्ये होती,
आणि कुंदाकाकू खाली, लिफ्टच्या रांगेत.